खाडीचा चिखल काय घेतो, काय परत देतो

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या काठावर उभं राहिलं, तर उघडा पडलेला चिखल तपकिरी दिसतो. उन्हात त्यावर कुठे कुठे सोनेरी झाकही असते. पण त्यात पाय रुतला आणि जोर लावून बाहेर काढला, की पोटरीला लागलेला चिखल काळाकुट्ट निघतो आणि सडक्या अंड्यांचा वास नाकात भरतो. तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांना आणि बिळातली चिंबोरी आकडीने ओढून काढणाऱ्यांना हा रंगही ठाऊक असतो आणि वासही. वरचा चिखल तपकिरी आणि बोटभर खालचा काळा, असं का?

दुसरं कोडं याहून मोठं आहे. पावसाळ्यात नद्या डोंगरातली माती, कुजलेली पानं, काटक्या, शेतातला काडीकचरा असं सगळं घेऊन समुद्राकडे धावतात. जगभरच्या नद्या दरवर्षी सुमारे 40 कोटी टन सेंद्रिय कार्बन, म्हणजे सजीवांपासून आलेल्या पदार्थांतला कार्बन, समुद्राच्या दारात आणून टाकतात. त्यातला निम्म्याहून अधिक पाण्यात विरघळलेला असतो. हा विरघळलेला भाग समुद्रात नुसता साठत गेला असता, तर आज समुद्राच्या पाण्यात जेवढा सेंद्रिय कार्बन विरघळलेला आहे, तेवढा साठा तीनेक हजार वर्षांत भरला असता. प्रत्यक्षात खुल्या समुद्रात जमिनीवरच्या झाडापानांचा अंश फारच थोडा सापडतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे जॉन हेजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये एका गाजलेल्या शोधनिबंधात हाच प्रश्न विचारला होता: जमिनीवरून आलेलं हे सगळं जातं कुठे?

पहिल्या कोड्याचं पूर्ण उत्तर आणि दुसऱ्याच्या उत्तराचा मोठा भाग नदीच्या मुखाशी, खाडीच्या तळाला सापडतो. तिथला गाळ पाण्यातून सेंद्रिय पदार्थ घेतो, त्यांची मोडतोड करतो आणि त्यातलं बरंचसं वेगळ्या रूपात पाण्याला परत देतो. खाडीतली मासळी, पाण्यातला ऑक्सिजन, हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड या सगळ्यांवर या देवघेवीचा परिणाम होतो.

नदीचं आणि खाडीचं

पाण्यातला सेंद्रिय पदार्थ दोन रूपांत असतो. एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक छिद्रांच्या गाळणीतून पाणी गाळलं, की वर अडकतं ते कणरूप आणि खाली उतरतं ते विरघळलेलं. कणरूपात पानांचे तुकडे, शैवाल आणि मातीच्या कणांना चिकटून आलेला कुजका अंश असतो. विरघळलेल्या भागात जंगलातल्या पालापाचोळ्यातून झिरपलेली तपकिरी द्रव्यं असतात. दाट जंगलातून आलेल्या ओढ्याला फिकट तपकिरी छटा येते ती यांच्यामुळेच.

हा झाला नदीचा वाटा. खाडी त्यात स्वतःची भर घालते. तिवर, कांदळ, चिपी या खारफुटीच्या झाडांची पानं बाराही महिने चिखलात गळत असतात. काठावरच्या गावांचं आणि शहरांचं सांडपाणी येतं. शिवाय चिखलावर जी सोनेरी झाक असते, ती डायटम नावाच्या एकपेशीय शैवालाची. ओहोटीला ऊन मिळालं की डायटम चिखलाच्या पृष्ठभागावर येतात आणि भरतीचं पाणी चढण्याआधी पुन्हा आत सरकतात. हे सरकणं मिलिमीटरभराचंच असतं, पण ते भरती-ओहोटीच्या वेळेबरहुकूम चालतं. सरकताना ते चिकट द्रव सोडतात आणि त्याने चिखलाचे वरचे कण एकमेकांना धरून राहतात.

यातलं सगळंच सारख्या वेगाने कुजत नाही. शैवालात प्रथिनं जास्त असतात, ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपतं. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन मात्र जिवाणूंना सहज फोडता येत नाही. त्यामुळे खाडीत पडलेलं शैवाल आणि वाहत आलेलं लाकूड यांचा प्रवास पहिल्या दिवसापासूनच वेगवेगळा होतो.

मीठ लागलं की

नदीच्या गोड्या पाण्यात चिकणमातीचे कण दिवसेंदिवस तरंगत राहू शकतात. या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. नदी खाडीत शिरते आणि पाण्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे धन भाराचे कण भरपूर होतात. ते मातीच्या कणांवरचा भार झाकून टाकतात. आता कण जवळ आले की चिकटतात आणि त्यांचे गुठळ्यांसारखे पुंजके होतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, त्यामागचं रसायनशास्त्र हेच आहे. खाडीत तुरटीचं काम समुद्राचं मीठ करतं.

या पुंजक्यांत मातीबरोबर सेंद्रिय पदार्थही गुंतून तळाला जातात. पण विरघळलेल्या भागाचं काय होतं? एडवर्ड शोल्कोविट्झ यांनी स्कॉटलंडमधल्या नद्यांचं गाळलेलं पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून पाहिलं आणि 1976 मध्ये निष्कर्ष मांडले. पाण्यात गाळणीतून निसटण्याइतकं बारीक असलेलं लोह बहुतांश गोळा होऊन खाली बसलं, विरघळलेला सेंद्रिय पदार्थ मात्र 3 ते 11 टक्केच बसला. म्हणजे मीठ लागताच गाळाचा आणि लोहाचा मोठा भाग खाडीत अडकतो आणि विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याचा बराचसा भाग पुढे सरकतो.

तळाला गेलेला गाळ तिथेच राहतो असंही नाही. खारं पाणी जड, म्हणून ते तळाजवळून आत शिरतं आणि गोडं पाणी वरून बाहेर वाहतं. तळाजवळ बसू लागलेले पुंजके या खाऱ्या प्रवाहाबरोबर पुन्हा आत ढकलले जातात. गोडं आणि खारं पाणी जिथे भेटतं, त्या पट्ट्यात म्हणूनच पाणी सगळ्यात गढूळ असतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ कमी असते आणि गाळ बसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तोच गाळ पुन्हा उठतो. मातीचा एक कण समुद्रात पोचण्याआधी अशा कितीतरी फेऱ्या मारतो.

दोन बोटं खाली

बसलेल्या गाळात जिवाणूंचं काम सुरू होतं. ते सेंद्रिय पदार्थ फोडतात आणि त्यासाठी प्रथम ऑक्सिजन वापरतात. अडचण अशी की पाण्यात मुळात ऑक्सिजन थोडा. कोकणातल्या खाडीच्या कोमट पाण्यात लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅमच मावतो. तो गाळात उतरतो तो कणाकणाने पसरत, आणि या पसरण्याचा हिशेब फार कडक आहे. एक मिलिमीटर खोल जायला काही मिनिटं पुरतात. एक सेंटिमीटरला अनेक तास लागतात, दहा सेंटिमीटरला महिन्याहून अधिक. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट. वाटेत भुकेले जिवाणू बसलेलेच असतात. त्यामुळे खाडीच्या मऊ गाळात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो.

तरी काम थांबत नाही. ऑक्सिजन संपला की जिवाणूंचे दुसरे गट पुढे येतात आणि ऑक्सिजनऐवजी दुसरी द्रव्यं वापरतात. ज्या द्रव्यापासून जास्त ऊर्जा मिळते ते आधी संपतं. सुरुवात नायट्रेटपासून होते, त्याचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. मग मँगनीज आणि लोह यांच्या ऑक्साइडांची पाळी येते. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या मातीला लाल रंग देतो तो हाच लोहाचा ऑक्साइड. गाळात जिवाणू त्यातला ऑक्सिजन वापरतात आणि लोह विरघळून मोकळं होतं.

त्याही खाली सल्फेट वापरणारे जिवाणू असतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं, ऑक्सिजनच्या शेकडो पट. त्यामुळे ते सहसा संपत नाही. बो बार्कर यॉर्गनसन या डॅनिश शास्त्रज्ञाने 1982 मध्ये दाखवून दिलं, की किनाऱ्याजवळच्या समुद्रतळात सेंद्रिय पदार्थांच्या विघटनातला जवळपास निम्मा वाटा सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंचा असू शकतो. सल्फेट वापरून झालं की हायड्रोजन सल्फाइड वायू उरतो. सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. हा वायू मोकळ्या झालेल्या लोहाला भेटला की आयर्न सल्फाइड तयार होतं, आणि ते काळं असतं. जांभ्याची लाल माती खाडीत काळी होते ती अशी.

याची खूण डोळ्यांनी पाहता येते. काळ्या चिखलाचा गोळा पाटीवर पसरून हवेत ठेवला, की काही तासांत त्याचा वरचा भाग करडा-तपकिरी होऊ लागतो. ऑक्सिजन मिळताच सल्फाइड मोडतं आणि लोहाचा पुन्हा गंज होतो. खाडीकाठचा चिखल फावड्याने उभा कापला तर आणखी एक गोष्ट दिसते. काळ्या चिखलात खोलवर गेलेल्या खेकड्याच्या बिळाभोवती गंजाच्या रंगाचं तपकिरी अस्तर असतं. बिळातून पाणी खेळतं, त्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि बिळाची भिंत काळी राहत नाही.

खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी जवळजवळ गोडं असतं, तिथे सल्फेट फारसं नसतं. मग शेवटचा गट पुढे येतो आणि मिथेन तयार होतो. अशा गाळात वल्हं रोवलं की बुडबुडे वर येतात. एकाच खाडीत मुखाकडे सल्फाइडचा वास आणि वरच्या अंगाला मिथेनचे बुडबुडे, हा फरक पाण्यातल्या मिठामुळे पडतो.

परतीची वाट

गाळात कुजलेल्या पदार्थाचा शेवट कार्बन डायऑक्साइडमध्ये होतो. पण त्याआधीचे टप्पेही महत्त्वाचे असतात. जिवाणूंना मोठे रेणू गिळता येत नाहीत. ते आधी बाहेर विकरं सोडतात आणि त्या रासायनिक द्रव्यांनी मोठे रेणू तोडून लहान करतात. यातले काही तुकडे जिवाणूंच्या हाती लागत नाहीत आणि गाळाच्या कणांमधल्या पाण्यात विरघळून राहतात. या आतल्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन वरच्या पाण्यापेक्षा बहुधा कितीतरी जास्त असतो. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे, या नियमाने तो वर झिरपतो. किनारी गाळातून असा परत येणारा विरघळलेला सेंद्रिय कार्बन नद्यांनी आणलेल्या विरघळलेल्या कार्बनच्या तोडीचा असावा, असे अंदाज 1990च्या दशकात मांडले गेले. कण म्हणून खाली गेलेला पदार्थ विरघळून वर येतो आणि त्याचा प्रवास पुन्हा सुरू होतो.

कार्बनबरोबर अमोनियम आणि फॉस्फेटही वर येतात. ती शैवालाची खतं. उथळ खाडीत उन्हाळ्यात नदी जवळजवळ आटलेली असतानाही पाण्यात शैवाल वाढतं, त्यामागे तळातून मिळणारं हे खत असतं. त्या शैवालावर कोळंबीची पिल्लं, तिसऱ्या, कालवं आणि बोय पोसली जातात.

फॉस्फेटच्या वाटेत मात्र एक झाकण आहे. गाळाच्या वरच्या तपकिरी थरातला लोहाचा गंज फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतो. जोवर तळाच्या पाण्यात ऑक्सिजन आहे, तोवर हा थर टिकतो आणि फॉस्फेट बेतानेच सुटतं. पाण्यातला ऑक्सिजन संपला की गंज विरघळतो, झाकण उघडतं आणि साठलेलं फॉस्फेट एकदम बाहेर पडतं. त्यावर शैवाल माजतं, ते मरून तळाला जातं, कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खातं. एकदा हे चक्र सुरू झालं, की बाहेरून येणारी घाण थांबवली तरी खाडी लगेच सुधारत नाही, कारण तळातून पुरवठा चालूच राहतो.

नुसत्या झिरपण्याने ही देवघेव फार सावकाश झाली असती. तिला वेग देतात ते चिखलातले प्राणी. गांडुळासारखे सागरी किडे, खेकडे, शिंपले आणि निवट्या बिळं करतात, चिखल गिळतात, खालचा वर आणि वरचा खाली करतात. काही किडे बिळात अंग हलवून पाणी खेळवत ठेवतात. ओहोटीला बिळातलं आणि काठातलं पाणी निथळून खाडीत उतरतं आणि त्याबरोबर आतली द्रव्यंही जातात. दर भरतीला ताजं पाणी पुन्हा आत शिरतं.

राखेखालचा निखारा

तळाला गेलेल्या सगळ्या पदार्थाचं विघटन होत नाही, काही टिकतो. याचं एक कारण मातीच्या कणांत आहे. चिकणमाती इतकी बारीक असते, की एक ग्रॅम गाळातल्या सगळ्या कणांचे पृष्ठभाग मांडले तर दहाबारा चौरस मीटर किंवा त्याहूनही अधिक जागा व्यापतील. सेंद्रिय पदार्थाचे रेणू या पृष्ठभागांवर आणि त्यांच्या बारीक खाचांत चिकटतात. तिथे विकरं सहज पोचत नाहीत. दुसरं कारण ऑक्सिजनचा अभाव. लिग्निनसारखे चिवट पदार्थ ऑक्सिजन नसताना अगदीच हळू तुटतात.

रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवला तर सकाळपर्यंत धुमसत राहतो, आणि राख सारून फुंकणीने फुंकर घातली की पेटतो. खाडीतल्या गाळाचं असंच आहे. वर नवा गाळ बसला की खालच्या पदार्थाचं विघटन मंदावतं. उधाणाने, पुराने किंवा वादळाने गाळ उचलून पाण्यात मिसळला, की त्याला एकदम ऑक्सिजन मिळतो. आतली विरघळलेली द्रव्यं सुटतात, सल्फाइड जळतं आणि मंद पडलेलं विघटन जोर धरतं. पुन्हा गाळ बसतो, पुन्हा उठतो. अशा प्रत्येक फेरीत काही कार्बन कमी होतो.

ॲमेझॉनच्या मुखाशी हे फार मोठ्या प्रमाणावर घडतं. तिथल्या किनाऱ्याजवळचा मऊ गाळ सतत ढवळला जातो. रॉबर्ट ॲलर यांनी 1998 मध्ये अशा फिरत्या चिखलाला सेंद्रिय पदार्थ जाळणाऱ्या भट्टीच्या रूपात पाहिलं. ॲमेझॉनने आणलेल्या मातीच्या कणांना नदीत जेवढा सेंद्रिय पदार्थ चिकटलेला असतो, त्यातला निम्म्याहून अधिक मुखाजवळच्या गाळात पोचेपर्यंत गेलेला असतो. हेजेस यांच्या प्रश्नाच्या उत्तरातला हा एक मोठा दुवा. कण समुद्रात पोचतात, पण त्यांना चिकटलेलं जंगल बरंचसं वाटेतच संपतं.

याचा हिशेब हवेतही दिसतो. युरोपातल्या खाड्यांची मोजणी 1998 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळी पश्चिम युरोपात माणसाच्या कारभारातून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता, त्याच्या 5 ते 10 टक्के एवढा तिथल्या खाड्या सोडत होत्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी पावसाळी विसर्गाच्या काळात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेशी समतोल असलेल्या पातळीच्या अनेक पटींनी वाढतो, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. महाराष्ट्रातल्या शेतांतून आणि जंगलांतून धुपून गेलेल्या मातीचा कार्बनही त्या हिशेबात आहे.

पानाची ओळख कशी पटते

चिमूटभर काळ्या गाळात पान कुठलं आणि शैवाल कुठलं, हे कसं ओळखतात? पहिली खूण कार्बन आणि नायट्रोजन यांच्या प्रमाणात असते. समुद्रातल्या शैवालात नायट्रोजनच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण सहा-सात अणू असतात. जमिनीवरच्या झाडांत कार्बन कितीतरी जास्त, वीसच्या पुढेही जातो, कारण खोड-पानांना आधार देणाऱ्या भागांत नायट्रोजन फार थोडा. दुसरी खूण कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंची. जमिनीवरच्या बहुतेक झाडांत जड कार्बन समुद्री शैवालापेक्षा थोडा कमी असतो. तिसरी खूण लिग्निन. ते शैवालात नसतं, म्हणून गाळात सापडलं की ते जमिनीवरच्या झाडांतून किंवा कांदळवनातून आलं हे नक्की.

देवघेवीचा वेग मोजण्याची रीत त्यामानाने साधी आहे. पारदर्शक नळी गाळात उभी खुपसून गाळाचा अखंड दांडा आणि त्यावरचं पाणी जसंच्या तसं बाहेर काढतात. नळी खाडीच्याच तापमानाला काही तास ठेवतात आणि वरच्या पाण्यातला ऑक्सिजन किती घटला, अमोनियम, फॉस्फेट आणि सेंद्रिय कार्बन किती वाढला हे ठरावीक वेळाने तपासतात. नळीतल्या दांड्यात वरची तपकिरी पट्टी आणि खालचा काळा थर स्वच्छ दिसतो.

मांडवीचं वर्ष

पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांचं वर्ष दोन अगदी वेगळ्या भागांत विभागलेलं असतं. गोव्याची मांडवी हे त्याचं उत्तम उदाहरण. दोना पावला इथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना 1966) मांडवी आणि जुवारीचा अभ्यास केला आहे. या दोन नद्यांवरच्या संशोधनाचा एक संग्रह सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये संपादित केला.

म्हादई नावाने कर्नाटकात उगम पावलेली मांडवी वर्षभरात जेवढं पाणी आणते, त्यातलं बहुतेक सगळं पावसाळ्यात येतं. जुलै-ऑगस्टमध्ये पणजीजवळही वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं. तेव्हा सह्याद्रीच्या जंगलातला पालापाचोळा आणि माती झपाट्याने पुढे जाते, काही खाडीत बसते, काही थेट समुद्रात पोचते. खाडीला तेव्हा विचार करायलाही सवड नसते असं वाटावं, इतका प्रवाहाचा रेटा असतो.

पाऊस ओसरला की चित्र पालटतं. नदीचा रेटा जातो आणि सूत्रं भरती-ओहोटीच्या हाती येतात. भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. खारं पाणी महिन्यामहिन्याने वर सरकत जातं. पाणी निवळतं, ऊन आत पोचतं, शैवाल वाढतं. पावसाळ्यात गाळात जमा झालेली ठेव आता हळूहळू मोडली जाते. खारेपणा वाढला की गाळात सल्फेटचं काम वाढतं. पुढच्या जूनमध्ये पहिल्या पुराबरोबर वरचा थर उचलला जातो आणि नवं वर्ष सुरू होतं.

चौकट: थोडक्यात

• नदीने आणलेली माती मिठामुळे गुठळून खाडीत बसते, विरघळलेला सेंद्रिय पदार्थ बराचसा पुढे जातो.
• गाळात ऑक्सिजन काही मिलिमीटरच पोचतो. त्याखाली जिवाणू अनुक्रमे नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सल्फेट वापरतात. सगळं संपलं की मिथेन तयार होतो.
• काळा रंग आयर्न सल्फाइडचा, वास हायड्रोजन सल्फाइडचा.
• विघटनातून सेंद्रिय कार्बन, अमोनियम आणि फॉस्फेट पाण्यात परत येतात. बिळं करणारे प्राणी आणि भरती-ओहोटी हा वेग वाढवतात.
• गाळ ढवळला की विघटन वाढतं, शांत आणि ऑक्सिजनविना राहिला की कार्बन टिकतो.

माणसाचा हात

ही देवघेव खाडीकाठच्या लोकांनी फार पूर्वीपासून वापरली आहे. गोव्यातली खाजणं हे त्याचं उदाहरण. खाडीच्या काठाला मातीचे बांध घालून आत शेत केलं जातं आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार बसवलं जातं. भरतीचं पाणी चढलं की झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी निघून जातं. पावसाळ्यात तिथे कोरगुटसारखं खारं सोसणारं भात होतं. कापणीनंतर अनेक खाजणांत खारं पाणी आत घेतात आणि मासे-कोळंबी वाढवतात. केरळातल्या पोक्काळी शेतांतही हीच रीत आहे. भाताची धसकटं पाण्यात कुजतात, त्यावर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांवर कोळंबी पोसते. पुढच्या हंगामात त्याच जमिनीला त्याचं खत मिळतं.

बांध कायमचा बंद करून अशी जमीन सुकवली तर वेगळंच घडू शकतं. खारफुटीखालच्या गाळात सल्फाइड पायराइट या खनिजाच्या रूपात साठलेलं असतं. हवा लागली की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. केरळातल्या कुट्टनाडमधल्या ‘करी’ जमिनी अशा आम्लामुळे शेतीला अवघड झाल्या आहेत. त्याच वेळी, शतकानुशतकं ऑक्सिजनविना टिकलेला कार्बनही मोकळा होतो. कांदळवनं तोडून जमीन सुकवण्याचं नुकसान म्हणूनच झाडांपुरतं राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये कांदळवनांच्या विध्वंसाला नागरिकांच्या जगण्याच्या हक्काशी जोडलं, त्या निकालाचं महत्त्व झाडाखालच्या चिखलाच्या दृष्टीनेही मोठं आहे.

सांडपाण्याने दुसऱ्या टोकाची अडचण होते. मुंबईत मिठी नदी आणि माहीमच्या खाडीत इतका सेंद्रिय पदार्थ येतो, की ओहोटीच्या वेळी पाण्यातला ऑक्सिजन फार खाली जातो. तपकिरी थर टिकत नाही, बिळं करणारे प्राणी राहत नाहीत आणि फॉस्फेटचं झाकण उघडं पडतं. अशा खाडीत नाल्यांवर प्रक्रिया सुरू केली तरी गाळात साठलेला जुना भार उतरायला वर्षं लागतात. म्हणून उशीर जितका अधिक, तितकी सुधारणा महाग.

वरच्या अंगाला धरणं झाली की गाळच कमी येतो. गोदावरीच्या मुखाशी पोचणारा गाळ 1970च्या दशकाच्या तुलनेत 1990च्या दशकात निम्म्याहूनही खाली आला. कार्बनला चिकटायला आणि पुरून टिकायला लागणारी मातीच कमी झाली. खालच्या अंगाला ड्रेजर आणि सक्शन पंप गाळ आणि वाळू उपसतात, तेव्हा राखेखालचा निखारा माणूस स्वतः उकरत असतो. एका दिवसात उपसलेल्या काळ्या गाळातलं सल्फाइड आसपासच्या पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने खातं, आणि भांगाच्या दिवसांत, उन्हाळ्यात, जिथे पाणी फारसं हलत नाही अशा खाडीत हा परिणाम मासळीला मारक ठरू शकतो. तोच उपसा पाणी खेळतं असताना आणि थोड्या थोड्या भागात केला तर धोका कमी होतो.

म्हणून खाडीत बंदराचा मार्ग खोल करायचा असो, वाळूचा पट्टा लिलावाला काढायचा असो किंवा सांडपाण्याचा नवा नळ सोडायचा असो, पाण्याचे नमुने तपासणं पुरेसं नाही. तळाच्या गाळात किती सल्फाइड आहे, तो किती ऑक्सिजन खातो आणि काय परत सोडतो, हे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात अशा दोन्ही वेळा मोजायला हवं. त्यासाठी लागणाऱ्या गाळाच्या नळ्या आणि चाचण्या फार अवघड नाहीत, आणि देशातल्या समुद्रविज्ञान प्रयोगशाळांना त्या नेहमीच्या आहेत. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय जनसुनावणीत काठावरच्या गावांना ही मोजणी मागता येते. खाडीवर ज्यांचं पोट आहे त्यांनी ती आवर्जून मागावी.